नॉक सेन्सर खरं बोलतोय का?

उन्हाळा लागला की पुण्यात महात्मा फुले मंडईच्या परिसरात कलिंगडांचे ढीग दिसू लागतात. गिऱ्हाईक एखादं फळ उचलतं, कानाजवळ धरून टिचकी मारतं आणि जाणकाराचा चेहरा करतं. विक्रेता ते हातातून काढून घेतो, ढिगातल्या तिसऱ्याच फळावर टिचकी मारतो आणि सांगतो, "हे न्या, लालबुंद निघेल." जाड सालीच्या आतलं दिसत नाही, पण कंपनावरून ताडता येतं. शेजारच्या शिवाजी रस्त्यावरून स्वारगेटकडे रखडत निघालेल्या बहुतेक आधुनिक पेट्रोल मोटारींत नेमकं हेच काम करणारा एक भाग इंजिनाच्या अंगावर बोल्टने आवळलेला असतो. त्याचं नाव नॉक सेन्सर. काळ्या प्लास्टिकने मढवलेली, मधोमध भोक असलेली, नाण्याएवढ्या घेराची जाड चकती आणि तिच्यातून निघालेल्या दोन बारीक वायरी, एवढाच त्याचा पसारा. गाडी नीट चालते तोवर मालकाला त्याचं नावही ठाऊक नसतं.

मग एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गाडी पिकअप घेईनाशी होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात आणि पडद्यावर ‘नॉक सेन्सर सर्किट’ अशी अक्षरं येतात. "सेन्सर गेला साहेब, बदलायला लागेल," हे वाक्य त्यानंतर अर्ध्या मिनिटात येतं.

स्कॅनरने मात्र सेन्सर गेल्याचं सांगितलेलंच नसतं. सेन्सरकडून येणारा निरोप पटत नाही, एवढीच गाडीच्या संगणकाची तक्रार असते. निरोप न पटण्याची कारणं निदान पाच-सहा निघतात आणि सेन्सर खरोखर मेलेला असणं हे त्यांतलं एक. टर्बो गाडीत हा फरक नीट ओळखणं का महत्त्वाचं, हे कळायला आधी इंजिनाच्या आत डोकवावं लागतं.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि मग प्लगची ठिणगी पडते. ज्वाला ठिणगीपासून निघून सिलिंडरभर पसरते. हे पसरणं झपाट्याचं असलं तरी शिस्तीचं असतं. दाब चढत जातो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. घोळ होतो तो कडेला उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणात. पुढे सरकणारी ज्वाला त्याला आणखी दाबते, आणखी तापवते. ज्वाला पोचण्याआधीच ते आपोआप भडकलं, तर सगळं एकदम पेटतं. दाबाची लाट भिंतींवर आपटून मागेपुढे होते आणि धातू किणकिणतो. बाहेर ऐकू येते ती टिकटिक. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘नॉकिंग मारते’. असं फार वेळ चाललं तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांच्या खाचा तुटतात, हेड गॅस्केट उडतं.

या किणकिणाटाचा सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो आणि तो कागदावर काढता येतो. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस, टायगुन आणि स्कोडा कुशाक, स्लाव्हिया या गाड्यांतलं एक लिटरचं टीएसआय इंजिन घेऊ. तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७४.५ मिलिमीटर. जळत्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ९५० मीटर धरला, तर दाबाची लाट सिलिंडरमध्ये आडवी हेलकावते ती सेकंदाला सुमारे साडेसात हजार वेळा. रांजणगावच्या टाटा नेक्सॉनमधल्या १.२ लिटर टर्बो इंजिनाचा व्यास ७७ मिलिमीटर, म्हणून त्याचा सूर किंचित खाली, सव्वासात हजारांच्या आसपास. गाडीचा संगणक याच पट्टीतला थरथराट वेगळा काढतो आणि व्हॉल्व्हची खडखड, चेनचा आवाज, इंजेक्टरची टकटक शक्य तितकी गाळून टाकतो. शिवाय तो सतत लक्ष देत नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोचून खाली निघाला की क्रँक साधारण साठ-सत्तर अंश फिरेपर्यंतच नॉकिंग होण्याची शक्यता असते. तेवढीच खिडकी तो उघडी ठेवतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता टर्बो. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबून इंजिनात कोंबतो. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की खऱ्याखुऱ्या टर्बोतून बाहेर पडताना तिचं तापमान सव्वाशे अंशांच्या घरात जातं. इंटरकूलर ते बरंच खाली आणतो, तरीही बिनटर्बोच्या इंजिनापेक्षा सिलिंडरमध्ये माल जास्त आणि तापमानही जास्त. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. तेवढाच दाब गाठायला टर्बोला इथे अधिक राबावं लागतं. म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन सदा नॉकिंगच्या उंबरठ्यावर उभं असतं. ताकद तिथेच मिळते आणि धोकाही तिथेच असतो. डिझेलवाल्यांनी हे प्रकरण थोडं अलिप्तपणे वाचलं तरी चालेल. डिझेल मुळातच आपोआप पेटण्याच्या तत्त्वावर चालतं, त्याची खडखड हा त्याचा स्वभाव आहे.

नॉक सेन्सर येण्यापूर्वी हे काम माणसाच्या कानांनी होत असे. प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरचं टायमिंग लावताना जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटर सैल करून हाताने फिरवत. ठिणगी थोडी लवकर पडेल असं ठेवायचं, गाडी कात्रजच्या चढाला लावायची, टॉप गिअरमध्ये टिकटिक आली की खाली उतरून डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घ्यायचा. आजचा संगणक अक्षरशः हेच करतो, फक्त दर सेकंदाला अनेकदा. नॉकिंग जाणवलं की त्या सिलिंडरची ठिणगी दोन-तीन अंश मागे घेतो आणि मग चोरपावलांनी पुन्हा पुढे सरकवत नेतो. मागे घ्यायची घाई, पुढे न्यायला सावकाशी.

या टिकटिकीने मोटार उद्योगाला शंभर वर्षांपूर्वी चांगलंच छळलं होतं. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेवरचा सेल्फ स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्यानंतर गाड्या नॉकिंग मारू लागल्याची ओरड झाली तेव्हा बोट त्याच्याच बॅटरी-इग्निशनकडे दाखवलं गेलं. केटरिंगने शोध घ्यायला थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला बसवलं. मिजलीचा तर्क असा, की इंधन लाल रंगाचं असेल तर ते उष्णता लवकर शोषेल आणि त्याची नीट वाफ होईल. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून त्याने आयोडीन घातलं, आणि नॉकिंग थांबलं. मग खरे लाल रंग आणून बघितले, तर काहीच फरक नाही. तर्क पार चुकला होता, पण इंधनात काही मिसळून हा रोग आवरता येतो हे कळलं. त्या वाटेने जात ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचं संयुग सापडलं, टेट्राएथिल लेड. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं जगभरच्या, आपल्याही, हवेत शिसं मिसळत राहिलं. भारतातून शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे गेलं ते २००० साली. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो त्याच काळात दाब कमी-जास्त करता येणारं प्रायोगिक इंजिन वापरून इंधनं तपासत होता. नॉकिंगचा दोष विजेचा नसून इंधनाचा आणि ज्वलनकक्षाच्या आकाराचा, हे ठसवण्यात त्याचा वाटा मोठा.

शिसं हटायला लागलं, पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, घसरला, आणि त्याच सुमारास टर्बो साध्या मोटारींत उतरला. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून नॉक सेन्सर जन्माला आला. ब्युइकने १९७८च्या टर्बो व्ही-६ इंजिनावर तो बसवला. नॉकिंग झालं की ठिणगी मागे. स्वीडनच्या साबने १९८२च्या मॉडेलपासून निराळा डाव टाकला. त्यांची एपीसी यंत्रणा नॉकिंग जाणवताच टर्बोचा दाबच कमी करी, त्यामुळे मालकाने कसलंही पेट्रोल भरलं तरी इंजिन स्वतःला सांभाळून घेई. आजच्या गाड्या दोन्ही उपाय एकत्र वापरतात.

सेन्सरच्या पोटात असते पायझो सिरॅमिकची चकती आणि तिच्यावर एक वजन. पायझो पदार्थावर दाब आला की विद्युतभार निर्माण होतो. हा गुण पिअर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. स्वयंपाकघरातला गॅस लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. ज्याला हे हाताने करून पाहायचं असेल त्याने मंडईतून पासोड्या विठोबाच्या दिशेने चालत जावं आणि तापकीर गल्लीत पायझो बझरची पितळी चकती मागावी. किंमत किरकोळ. तिच्या दोन वायरी मल्टिमीटरला डीसी मिलिव्होल्टवर जोडायच्या, चकती टेबलावर ठेवायची आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टिचकी मारायची. आकडे क्षणभर उडतात आणि पुन्हा शून्यावर येतात. नॉक सेन्सर म्हणजे हीच चकती, उष्णता आणि तेल सोसणाऱ्या कवचात घातलेली. तो सतत व्होल्टेज देत नाही, हादरा बसला तरच देतो, हे इथे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

समजा, शुक्रवार पेठेतली एक टर्बो पेट्रोल गाडी. कंपनी कुठलीही असो. रात्री मंडईच्या अलीकडच्या गल्लीत उभी राहते, सकाळी ऑफिसला जाते. दिवा लागला, गाडी ओढेना, ॲव्हरेज पडलं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या चारचाकींना ओबीडी-२ लागू झालं, त्यामुळे साधा ब्लूटूथ डोंगलही तिथे कोड वाचतो. कोड निघतो पी०३२५ ते पी०३२८ या घरातला. पी०३२५ म्हणजे सर्किटमध्ये गडबड, पी०३२६ म्हणजे सिग्नल अपेक्षित पट्ट्यात नाही, पी०३२७ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०३२८ म्हणजे फार जास्त. दुसरा सेन्सर असलेल्या इंजिनात तीच मालिका पी०३३० पासून. कोड पुसायच्या आधी त्यासोबत साठवलेली नोंद पाहावी, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, किती तापलेलं होतं, लोड किती होता. गाडी सुरू करताच कोड आला असेल तर संशय वायरीवर. गरम होऊन चढावर लोड आल्यावर आला असेल तर इंजिन खरंच काहीतरी सांगत असण्याची शक्यता वाढते. बरेच जण कोड आधी पुसून टाकतात आणि हा पुरावा घालवून बसतात.

गाडी ओढत का नाही, हेही इथेच कळतं. सेन्सरवर भरवसा उरला नाही की संगणक वाईटात वाईट शक्यता गृहीत धरतो. सगळ्या सिलिंडरची ठिणगी मागे घेतो, टर्बोचा दाब उतरवतो. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा संपतं आणि ती उष्णता एक्झॉस्टमधून थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. म्हणून "चालतेय ना, चालू द्या" म्हणत महिनोन्महिने तशीच दामटणं शहाणपणाचं नाही.

मंडईजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत पहिला आरोपी चार पायांचा असतो. भाजीचा कचरा, गोणपाटं, धान्याची दुकानं. उंदीर-घुशींना आणखी काय हवं? गरम इंजिनाची ऊब मिळाली की ते बॉनेटखाली शिरतात आणि दातांना वायरीच बऱ्या लागतात. नॉक सेन्सर सहसा ब्लॉकच्या अंगाला, बऱ्याच इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, अशा कोपऱ्यात असतो की वरून बॅटरी मारली तरी धड दिसत नाही. लेंड्या, कुरतडलेला फोम, सोललेली वायर यांपैकी काही दिसलं तर स्कॅनर बाजूला ठेवावा.

अशा कुरतडलेल्या वायरीची दुरुस्ती नीट झाली नाही तर खरी गंमत सुरू होते. सेन्सरचा सिग्नल मिलिव्होल्टमधला आणि शेजारी इग्निशन कॉइल हजारो व्होल्ट फेकत असते. म्हणून या दोन वायरींभोवती बहुधा जाळीचं किंवा पन्नीचं कवच असतं आणि ते एकाच टोकाला अर्थ केलेलं असतं. घाईत कोणी दोन वायरी पिळून टेप मारली आणि कवच तसंच तुटलेलं ठेवलं, तर मल्टिमीटरवर सगळं जोडलेलं दिसतं. गाडी मात्र चार दिवसांनी पुन्हा दिवा लावते, या वेळी जास्त सिग्नलचा. मग नवा सेन्सर येतो. तोही नापास होतो. मग ‘ईसीएम गेला’, म्हणजे गाडीचा संगणकच गेला, इथपर्यंत गोष्ट जाते आणि दोष असतो बोटभर कवचाचा.

कपलर उघडून बघणं हे त्यापुढचं काम. पावसाळ्यात पाणी शिरून पिना हिरव्या पडतात, वरच्या गॅस्केटमधून झिरपलेलं ऑइल कपलरमध्ये साचतं, कधी पिना नुसत्या सैल झालेल्या असतात. इंजिन चालू ठेवून हार्नेस हलक्या हाताने हलवावा आणि स्कॅनरवर आकडा उडतो का ते पाहावं.

मल्टिमीटरने सेन्सर तपासणं वाटतं तितकं सरळ नाही. बॉश पद्धतीच्या अनेक सेन्सरांचा निरोगी रेझिस्टन्स एक मेगाओमच्या वर असतो. टोयोटाच्या काही इंजिनांत १२० ते २८० किलोओम हे बरोबर मूल्य. म्हणजे त्या विशिष्ट गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. त्यात बाजारातला सर्वांत स्वस्त पिवळा मीटर दोन मेगाओमच्या पलीकडे मोजत नाही, डावीकडे नुसता १ दाखवतो. धडधाकट सेन्सरलाही १, वायर तुटलेली असेल तरी १. दोन्ही प्रोब बोटांनी दाबून धरले तर मीटर सेन्सरऐवजी मोजणाऱ्याच्या अंगाचा रेझिस्टन्स दाखवतो, आणि मग "सेन्सर शॉर्ट आहे" असा निकाल लागतो. या मोजणीतून खात्रीने कळतं ते एकच: आकडा शून्याच्या जवळ आला तर सेन्सर किंवा वायर शॉर्ट झाली आहे. कपॅसिटन्स मोजणारा मीटर असेल तर तो जास्त उपयोगी. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा कपॅसिटन्स हजार-बाराशे पिकोफॅरडच्या आसपास असतो. चकती तडकली किंवा आतली जोडणी सुटली की तो कोसळतो.

त्याहून बरी टिचकीची परीक्षा. कपलर काढायचा, सेन्सरच्या दोन पिनांना एसी मिलिव्होल्ट मोजणारा मीटर किंवा ऑसिलोस्कोप लावायचा आणि सेन्सरपासून थोड्या अंतरावर ब्लॉकवर लहान हातोडीने किंवा एक्स्टेन्शन रॉडने टकटक करायची. थेट सेन्सरवर मारायचं नाही, सिरॅमिक फुटतं. जिवंत सेन्सर प्रत्येक टकटकीला उसळी दाखवतो. पिवळ्या मीटरला हे झेपत नाही, कारण त्याचा एसीचा सर्वांत खालचा पट्टाच दोनशे व्होल्टचा. जुने मेकॅनिक हीच परीक्षा इंजिन चालू ठेवून करत आणि टायमिंग मागे जातं का ते टायमिंग लाइटने बघत. नव्या गाड्यांत ती फसवी ठरते. मघाशी सांगितलेली खिडकी आठवा: हातोडीचा ठोका तिच्या बाहेर पडला तर संगणक तो ऐकतच नाही, आणि आयडलिंगला अनेक गाड्या नॉक कंट्रोल चालवतच नाहीत. टायमिंग हललं नाही म्हणून सेन्सर मेला, असं म्हणता येत नाही.

बोल्टकडे क्वचितच कुणी बघतं. हा सेन्सर ब्लॉकचा थरथराट थेट धातूतून घेतो, त्यामुळे तो किती घट्ट आवळलाय यावर त्याचं ऐकणं अवलंबून असतं. बॉशच्या चकतीसाठी साधारण वीस न्यूटन-मीटर, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला आठ किलोचा जोर. सैल राहिला तर सिग्नल दुबळा. हाताच्या अंदाजाने करकचून आवळला तर चकतीवर ताण येऊन मोजमाप बिघडतं. खाली वॉशर घालायचा नाही, सिलिकॉन लावायचं नाही, गंज आणि रंग खरवडून बैठक स्वच्छ करायची. टॉर्क पाना नसेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात मिळेलही, पण त्याचं माप बरोबर आहे का हे तिथे कोण सांगणार!

एवढं सगळं ठीक निघालं, तर एक अवघड शक्यता उरते: सेन्सर खरं बोलतोय.

तो ऐकतोय ते नॉकिंगच असेल असं मात्र नाही. एक्झॉस्टवरचा उष्णतारोधक पत्रा सैल असेल, अल्टर्नेटरचा ब्रॅकेट हलत असेल, टायमिंग चेन ताण सोडत असेल, तर तो खडखडाटही त्याच पट्टीत येऊ शकतो. संगणक निमूटपणे ठिणगी मागे घेत राहतो. बॉनेट उघडून, लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवून दुसरं टोक कानाशी धरण्याची मिस्त्री लोकांची जुनी रीत अशा वेळी कामाला येते.

आणि नॉकिंग खरंच असेल तर? इंटरकूलर चिखलाने भरलेला, कूलंट कमी, चुकीच्या हीट रेंजचा प्लग, इनटेक व्हॉल्व्हवर आणि पिस्टनवर साचलेला कार्बन, टर्बोचा दाब आवरणारा वेस्टगेट अडकलेला. ही यादी मेकॅनिकला पाठ असते. मालक मात्र आधी पेट्रोलला दोष देतो, आणि महाराष्ट्रात त्यामागे कडू इतिहास आहे. रॉकेलचा ऑक्टेन अगदीच खालचा, त्यामुळे पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की इंजिन हटकून नॉकिंग मारतं. एके काळी ही भेसळ किती मोठा धंदा होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला दिसलं. तेलाची चोरी-भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आलं.

आज बोट इथेनॉलकडे दाखवलं जातं. इथेनॉलने ॲव्हरेज घटतं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, या तक्रारींना आधार आहे. नॉकिंगच्या बाबतीत मात्र ते उलट मदतच करतं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आणि वाफ होताना ते मिश्रणाला गार करतं. साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० चं मानक ९५ चं आहे. अपवाद पाणी शिरलेल्या किंवा महिनोन्महिने पडून राहिलेल्या टाकीचा: पाण्याबरोबर इथेनॉल तळाला बसलं की वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल. संशय फिटत नसेल तर टाकी जवळजवळ रिकामी करून एकदा चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल भरून पाहावं. इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हाच्या दहा शहरांत पुणे होतं. त्यावर गाडीचं टायमिंग मागे जाणं थांबलं, तर सेन्सर शाबूत आहे आणि दोष इंधनात किंवा इंजिनाच्या उष्णतेत आहे. महाग पेट्रोलचा हा एवढा उपयोग निर्विवाद; एरवी साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीत त्याने फारसं काही होतं असं वाटत नाही.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत आणखी एक प्रकार आढळतो, त्यात नॉक सेन्सरही हतबल असतो. कमी आरपीएम, जास्त लोड: चौथ्या गिअरमध्ये पंधराशेवर चढाला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, की कधी कधी ऑइलच्या थेंबामुळे किंवा कार्बनच्या कणामुळे मिश्रण ठिणगीच्याही आधी पेट घेतं. एकच दणका, पण पिस्टन तोडणारा. ठिणगी मागे घेऊन उपयोग नाही, कारण आग ठिणगीने लावलेलीच नसते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या घटकांचा याच्याशी संबंध दिसल्यावर २०१८ मध्ये ऑइलची प्रतवारी ठरवणाऱ्या एपीआय या संस्थेने एसएन प्लस ही प्रत आणली आणि २०२० मध्ये एसपी. डब्यावरची ही अक्षरं बघूनच ऑइल घ्यावं, आणि चढाला गिअर खाली टाकण्याचा आळस करू नये.

सेन्सरच बदलायचा ठरला, तर नाना पेठेत तो मिळतो, पण डबा ओळखीचा आणि पार्ट नंबर जुळणारा हवा. जुन्या काळचे काही सेन्सर एकाच सुराला जुळवलेले असत, आताचे रुंद पट्ट्याचे असतात. दिसायला सारखा म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मॅनिफोल्ड उतरवावं लागलं तर मजुरी सेन्सरपेक्षा जास्त होते, म्हणून त्याच खेपेला कपलर, वायर आणि गॅस्केटही बघून घ्यायचं.

त्यानंतरची ट्रायल मंडईभोवती मारून काही कळत नाही. तिथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते, लोड नाही, टर्बो जवळजवळ झोपलेला, आणि संगणक सेन्सरची परीक्षा घेतो ती इंजिन तापल्यावर, ठरावीक आरपीएमच्या वर. तेव्हा शिवाजी रस्त्याने स्वारगेट, तिथून सातारा रस्त्याने कात्रज आणि जुना घाट. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, गाडीत कोणीतरी सोबत हवं, म्हणजे चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघावं आणि दुसऱ्याने स्कॅनरकडे. तिसऱ्या गिअरमध्ये अडीच-तीन हजार आरपीएमवर चढ घ्यायचा आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे जातेय ते पाहायचं. अधूनमधून एक-दोन अंश ही टर्बोची रोजची गोष्ट. एकच सिलिंडर सतत पाच-सहा अंश मागे राहत असेल तर त्याचा प्लग, इंजेक्टर आणि कार्बन बघायचा. सेन्सर सगळ्या सिलिंडरांचं ऐकतो, त्याला एकाशीच वैर असायचं कारण नाही. सगळे सिलिंडर एकसारखे, एकाच आकड्यावर खिळलेले दिसले, तर संगणकाने अजून विश्वास ठेवलेला नाही आणि वायर पुन्हा तपासायला हवी. परतीच्या उतारावर आकडे शून्यच दिसतील, ते हिशेबात धरायचे नाहीत.